जिना बंद आहे

आमच्या घरातलं लाटणं जिन्याच्या तळाशी खिळ्याला का टांगलेलं असतं, हा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने विचारला. म्हणजे गॅसवाल्याने, मीटर बघणाऱ्याने आणि पत्ता चुकून आलेल्या एका गृहस्थाने. बाकी आमच्याकडे कोणी येत नसे, कारण आमच्याकडे पाहुणा होता.

पाहुणा हे कुत्र्याचं नाव. मागच्या गल्लीतलं गॅरेज बंद पडलं, मालक शटर ओढून निघून गेला आणि हा मागच्या अंगणात साखळीला तसाच राहिला. माझ्या लेकीला तो खिडकीतून दिसायचा. एक दिवस ती खोलीबाहेर येऊन म्हणाली, "बाबा, त्याला दोन दिवस आणू या. मग कोणीतरी नेईल." दोन दिवसांचा म्हणून पाहुणा. पुढे त्याच्यामुळे खऱ्या पाहुण्यांनी आमचा उंबरा ओलांडणं सोडलं, पण तोवर नाव पक्कं झालं होतं.

लेकीने काहीतरी मागितलं, हीच आमच्याकडे मोठी गोष्ट होती. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं निव्वळ वेडेपणाचं वाटेल. ती आणि तळमजल्यावरच्या मावशींची मुलगी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. दोघी एकाच स्कूटरवरून कामाला जात. एका सकाळी वळणावर टेम्पो आला. स्कूटर माझी लेक चालवत होती. तिचं मनगट मोडलं आणि मागे बसलेली पोर गेली. चूक टेम्पोची होती, पोलिसांनी तसं सांगितलं, कोर्टानेही मानलं. आमच्या लेकीने मात्र ते मानलं नाही. ती खोलीत गेली आणि तिथेच राहिली. आम्ही सगळ्यांत वरच्या मजल्यावर. आमच्या इमारतीला जिना एकच, आणि तो उतरला की शेवटचं दार मावशींचं.

तर आता पाहुण्याविषयी. घरात तो गरीब गाय. बायकोच्या पायाशी झोपे, भांडं पडलं तर आधी स्वतःच माफी मागितल्यासारखा बघे. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की अंगात आल्यासारखा भुंकत सुटे. पिशवीवाले, टोपीवाले, खोकणारे, लंगडणारे, सगळ्यांवर. उघडी छत्री त्याला चालत नसे आणि मिटलेली तर मुळीच नाही. पोस्टमनवर भुंकणं मी समजू शकतो, ती जुनी रीत आहे. पण हा टपालपेटीवरही भुंके. मग दोरी ओढत मागच्या दोन पायांवर उभा राही, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मी असे. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाची रस्त्यात अशी फरफट बघायला लोक खिडक्या उघडत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "शिस्त! पहिल्याच दिवशी एक लावून द्यायला हवी होती." त्यांनी चाळीस-चाळीस पोरांचे वर्ग असेच वळणावर आणले होते म्हणे. पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी म्हणाले, "त्याला दही द्या, डोकं थंड राहतं." दही मी आणलं, ते पाहुण्याने खाल्लं आणि त्याच ताकदीवर दुपारी सेक्रेटरींवरच भुंकला. माझा मेहुणा फोनवरून म्हणाला, "आठ दिवस माझ्याकडे द्या, सरळ करून देतो." दिलाही असता, पण न्यायला त्याला वर यावं लागलं असतं आणि तो यायला तयार नव्हता.

शेवटी शक्कल लढवली ती मीच. मी विचार केला, हा ओरडतो कारण याला कोणी ओळखीचं नाही. आपल्यात नवा माणूस राहायला आला की आपण काय करतो? चहाला बोलावतो. एकदा कपबशी झाली की माणूस माणसावर भुंकत नाही, निदान तोंडावर तरी नाही. मी रविवारी सगळ्या इमारतीला चहाला बोलावलं. मावशींनाही बोलवायला गेलो. त्या दारात उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बघते." त्या आल्या नाहीत, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

सगळे ठेवणीतले कपडे घालून कोचावर बसले आणि मी पाहुण्याला बाहेर आणलं. सभ्य माणसं ती. सगळ्यांनी एकाच वेळी हात पुढे केले आणि सगळी "ये, ये" म्हणाली. पाहुणा मागे सरला. हेडमास्तर गरजले, "बस!" तशा सेक्रेटरींच्या पत्नी, ज्या साखर घ्यायला उठल्या होत्या, त्या बसल्या. पाहुणा कोचाखाली शिरला. इथे थांबायला हवं होतं. पण सेक्रेटरींना यजमानाचं मन मोडवेना. ते बिस्कीट घेऊन वाकले आणि कोचाखाली हात घालून म्हणाले, "काय रे, रुसलास होय?"

हाताला काही झालं नाही. बाही मात्र कोपरापासून खाली पाहुण्याकडे राहिली. बायकोने ती दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून सेक्रेटरींकडे परत पाठवली. तिचा हेतू चांगला होता. पण त्या इस्त्रीमुळेच प्रकरण चिघळलं असं मला आजही वाटतं, कारण त्याच दिवशी सेक्रेटरींनी महापालिकेच्या परवाना खात्यात तक्रार ठोकली.

मग आम्ही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हणजे मी आणि पाहुणा रिक्षाने, आणि लेक घरून फोनवर. बाईंनी पाहुण्याला हात लावला नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ अर्धी वळवून बसल्या आणि माझी चहापानाची हकिगत ऐकून घेतली.

"पन्नास अनोळखी माणसं हात पुढे करून अंगाशी आली आणि तुम्ही एकटे असता तर?" त्यांनी विचारलं.

मला माझं लग्न आठवलं.

"तो चिडत नाही," बाई म्हणाल्या, "तो घाबरतो. भुंकलं की समोरचा लांब जातो, एवढं त्याला कळलंय, म्हणून भुंकतो. कुकरसारखं आहे. एक भीती झाली की वाफ चढते, ती उतरायच्या आत दुसरी आली की शिट्टी होते. शिट्टी झाली म्हणून कुणी कुकरला मारतं का? त्याला ओळखी नकोत, अंतर हवंय. माणूस जेवढा लांब असताना हा शांत बसू शकतो तेवढ्या लांबून त्याला माणूस दाखवा आणि तोंडात खाऊ द्या. मग एकेक पाऊल जवळ. घाई नाही करायची."

फोनमधून लेकीचा आवाज आला, "पूर्ण बरं होतं का हे?"

"काहींचं होतं," बाई म्हणाल्या. "बहुतेकांचं कमी होतं. उरलेलं घेऊन राहायला शिकावं लागतं, त्यालाही आणि घरच्यांनाही."

ती हे कुणासाठी विचारत होती ते मला कळलं, आणि मी भिंतीवरचा कुत्र्याच्या दातांचा तक्ता वाचत बसलो.

पण अंतर हा शब्द ऐकला आणि माझ्यातला सिग्नलवाला जागा झाला. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. टेबलावर असलो म्हणून काय झालं? दोन गाड्या समोरासमोर येऊ न देणं हेच आमच्या खात्याचं आयुष्य. एकेरी मार्गावर जुनी पद्धत अशी की ड्रायव्हरच्या हातात एक टोकन द्यायचं. टोकन ज्याच्याकडे, मार्ग त्याचा. दुसऱ्याने स्टेशन सोडायचं नाही. आमचा जिना हा एकेरी मार्गच होता. खुल्या मैदानात पाहुण्याला अंतर मिळालं असतं, पण तिथवर जायला जिना उतरावा लागे आणि जिन्यात अंतर कुठून आणणार?

टोकन मोठं हवं होतं, खिशात मावता कामा नये आणि लांबून दिसलं पाहिजे. मी घरभर फिरलो आणि लाटणं उचललं.

"अहो, दुसरं काही नाही का मिळालं?" बायको म्हणाली.

"बत्ता जड होतो," मी म्हणालो. तिने पुढे कितीतरी दिवस बाटलीने लाटलं.

नियम सोपा होता. लाटणं खिळ्यावर असलं तर जिना सगळ्यांचा. खिळ्यावर नसलं तर जिन्यावर कोणी पाऊल टाकायचं नाही आणि दारं लावून घ्यायची. इमारतीची सभा झाली. "आग लागली तर?" सेक्रेटरींनी विचारलं. "तर आग विझवू, लाटण्याचं नंतर बघू," हेडमास्तर म्हणाले. त्यांना योजना आवडली होती, कारण तिला घंटा लागणार होती आणि घंटा त्यांच्याकडे होती. निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेली, पितळी, जवळजवळ घागरीएवढी. तिचा टोला कसा द्यावा यावर त्यांनी मला अख्खी संध्याकाळ शिकवलं आणि शेवटी काठावर पास केलं.

असा आमचा कारभार सुरू झाला. मी आधी खाली जाई, लाटणं काढी, घंटा देई आणि वर तोंड करून ओरडे, "जिना बंद!" धडाधड दारं लागत. सगळ्यांत पहिलं दार मावशींचं. टोला पडायचा अवकाश, की त्यांची कडी वाजे. आमचं तोंडसुद्धा बघायचं नसेल त्यांना, मला वाटे, आणि का बघावं? मग वरून लेक उतरे. जिन्यावर कोणी भेटणार नाही म्हटल्यावर पाहुण्याची दोरी तिनेच हातात घेतली होती. मान खाली, नजर पाहुण्याच्या पाठीवर. मावशींच्या दारावरून ती श्वास धरून जाई. पाहुणाही तिच्याबरोबर भराभर पावलं टाके. मग मोकळं मैदान, आणि तिथे लांबवर फिरणारी माणसं.

खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे असत. लांबवर सायकलवाला दिसला की अंडं, टोपीवाला दिसला की अंडं. लेक त्याचं सगळं वाचायला शिकली. ओठ चाटला म्हणजे काय, नसत्या वेळी जांभई दिली म्हणजे काय, शेपूट ताठ झाली की किती वेळ हातात असतो. ते ऐकून ऐकून मीही शिकलो आणि ऑफिसात नको तिथे वापरू लागलो. आमचे साहेब मीटिंगमध्ये ओठ चाटू लागले की मी खुर्ची चार हात मागे घेत असे.

एक दिवस जेवताना ती म्हणाली, "आज त्याने छत्रीवाला बघितला आणि न भुंकता वळून माझ्याकडे बघितलं. स्वतःहून, बाबा!" आणि हसली. कितीतरी महिने तिच्या तोंडून "नको" आणि "असू दे" एवढंच आम्ही ऐकत होतो. बायको ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिच्या पाठीवरून मला कळलं की ती रडते आहे. मी त्याच क्षणी ठरवलं की काही झालं तरी हे कुत्रं या घरातून जाता कामा नये. ते गेलं की पोर पुन्हा त्या खोलीत जाणार.

मध्यंतरी एक भलतीच गोष्ट झाली. लाटणं खिळ्यावरून नाहीसं होऊ लागलं. पाहुणा घरात घोरत पडलेला, आणि खाली लाटणं नाही! घंटा नाही, आरोळी नाही, नुसता जिना बंद. मी तपास केला. एकदा सेक्रेटरी सापडले. जिन्याच्या वळणावर, मांडीवर लाटणं घेऊन, एकटे बसलेले. "घरात विचार करायला जागा नाही हो," ते म्हणाले. हेडमास्तरांना तर मी प्रत्यक्ष पाहिलं. त्यांचे गुडघे गेले होते. एका हाताने भिंत धरून, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत ते लहान मुलासारखे उतरत होते आणि काखेत लाटणं होतं. एरवी ते आमच्यासमोर ताठ उभे राहून, "तुम्ही व्हा पुढे," म्हणत. मी हळूच वर सरकलो. माझ्या बायकोनेही एकदा घेतलं. का, ते मी विचारलं नाही. प्रत्येकालाच जिन्यावर कोणीतरी भेटू नये असं वाटत होतं, आणि आमच्या पाहुण्याने सगळ्यांची सोय केली होती.

सेक्रेटरींना तर लाटण्याचा इतका लळा लागला की ते स्वतःच म्हणाले, तक्रार मागे घेऊ. आम्ही दोघं मिळून परवाना खात्यात गेलो. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, तक्रार पाहणी झाल्याशिवाय मागे घेता येत नाही. आणि पाहणी? ती कधी होईल ते सांगता येत नाही. "पण आमची आता तक्रारच नाही," सेक्रेटरी म्हणाले. "तसं असेल तर तशी तक्रार करा," बाई म्हणाल्या आणि खिडकी लावली. तिथेही अंतर राखायची पद्धत होती.

आणि पाहणी आली. सकाळची वेळ. मी खाली लाटणं हातात घेऊन उभा, घंटा झालेली, दारं लागलेली, लेक पाहुण्याला घेऊन वरून निघालेली. इतक्यात फाटकातून इन्स्पेक्टर आले. डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी, हातात छत्री. पाहुण्याला न चालणारं सगळं त्यांनी एकट्याने आणलं होतं.

"जिना बंद आहे," मी म्हणालो.

"कुणाच्या हुकमाने?"

मी लाटणं वर केलं. त्यांनी लाटण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "महापालिका लाटणं ओळखत नाही." मी कागदावर का होईना, एक्स्प्रेस गाड्या थांबवलेल्या आहेत. पण हा माणूस मला बाजूला सारून टकाटक वर गेला. "अहो साहेब, खरंच थांबा," असं मी ओरडत मागे धावलो, आणि ओरडायला नको होतं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर ते समोरासमोर आले. लेक तिथल्या तिथे वळली, पण जिना अरुंद. पाहुणा उसळला. इन्स्पेक्टरांनी घाबरून छत्री पुढे केली. पाहुणा छत्रीवर जाणार एवढ्यात लेकीने मध्ये हात घातला, त्याचा पट्टा धरायला. त्या गडबडीत समोर जे आलं त्याला तो चावला, आणि समोर तिचा हात आला.

एका क्षणात सगळं थांबलं. पाहुण्याने तोंड सोडलं, तो पायरीवर पसरला आणि थरथर कापू लागला. इन्स्पेक्टर भिंतीला पाठ लावून पांढरेफटक. लेक खाली बसली. रक्त ठिबकत होतं, आणि त्याच हाताने ती त्याच्या मानेवरून हात फिरवत होती. "त्याने मुद्दाम नाही केलं," ती म्हणत होती. "घाबरला होता तो. त्याची काही चूक नाही. मीच मध्ये होते." हेच शब्द थोडे फिरवून आम्ही तिला किती महिने सांगत होतो. तिने ते कधी ऐकून घेतले नव्हते.

दारं उघडली. हेडमास्तर भिंत धरत, सगळ्यांच्या देखत, टिंक्चरची बाटली घेऊन उतरले. खाली मावशींचं दारही उघडलं, त्या बाहेर आल्या आणि वर बघू लागल्या. लेकीची नजर त्यांच्यावर गेली आणि ती कठड्यापासून मागे सरकली. मावशींनी हळूच दार लावून घेतलं. मला त्यांचा फार राग आला. एवढं रक्त दिसतंय आणि दार लावून घेतात?

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. पाणी प्यायल्यावर म्हणाला, मुसकं बांधा, दोन महिन्यांनी पुन्हा बघतो. मी लगेच कामाला लागलो. मागच्या गॅलरीतून टोपलीत बसवून कप्पीने कुत्रा खाली सोडायचा, असा बेत मी आखला. सेक्रेटरी दोर द्यायला तयार झाले. हेडमास्तर म्हणाले, आधी टोपलीत मला सोडून बघा. सगळी इमारत पाहुण्याच्या बाजूने उभी होती.

"बाबा, पुरे," लेक म्हणाली. हाताला पट्टी बांधलेली. पाहुणा तिच्या पायाशी, डोळे उघडे ठेवून पडलेला. "आपण अख्ख्या इमारतीला दारं लावायला लावली, तरी तो जिन्यात कापतोच. रोज दोनदा. मी त्याला इथे ठेवते ते माझ्यासाठी. त्याच्यासाठी नाही."

"मग तुझं काय?" मी विचारलं. इतके दिवस टाळलेला तो प्रश्न असा सरळ निघून गेला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या थोरल्या भावाची गावाबाहेर रोपवाटिका होती. माणूस एकटा, बोलायला कमी, आणि चहूकडे मोकळी जमीन. पाहुण्याला तिथे ठेवायचं ठरलं. बाई आपली गाडी घेऊन आल्या. अपघातापासून लेक कुठल्याही वाहनात बसली नव्हती. ती दारापाशी उभी राहिली, मग पाहुण्याला आधी चढवलं आणि त्याच्या मागोमाग बसली. रस्ताभर त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि तिचे डोळे मिटलेले. वळण आलं की ती त्याची कातडी मुठीत धरायची. त्याने एकदाही हूं केलं नाही.

तिथे उतरल्यावर पाहुणा उभा राहिला. पार दुसऱ्या टोकाला, रोपांच्या रांगांपलीकडे तो भाऊ पाणी घालत होता. डोक्यावर टोपी. मी सवयीने खिशात अंडं चाचपलं. पाहुण्याने बघितलं, हवा हुंगली आणि खाली बसला. तो माणूसही जवळ आला नाही, आपलं काम करत राहिला. एवढी जागा असेल तर भुंकायचं कशाला, असं पाहुण्याचं सरळ म्हणणं होतं, आणि आमच्याकडे तेवढी जागा नव्हती. परत फिरताना त्याने मागे यायचा प्रयत्न केला, पण थोडाच. लेक रडली नाही. मीच रडलो, गाडीत, पुढच्या सीटवर, बाईंच्या देखत. बाईंनी काच थोडी खाली केली.

मला जी भीती होती तेच झालं. ती खोलीत गेली. दाराबाहेरचं ताट तसंच परत येऊ लागलं. जिना सगळ्यांना मोकळा झाला होता आणि कुणाला त्याचं सुख नव्हतं. बायकोने लाटणं घरात आणलं, पण बाटलीची सवय झाली आहे म्हणाली आणि ते नुसतंच फळीवर ठेवून दिलं.

मग एका संध्याकाळी, पाहुण्याला फिरवायच्या वेळेला, खोलीचं दार उघडलं. लेकीने पायात चपला घातल्या. ती बाहेर पडली. पाठोपाठ जावं की नाही, मला कळेना. शेवटी मी दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलो आणि कठड्याला धरून उभा राहिलो. तिची पावलं हळूहळू खाली गेली. शेवटच्या पायरीवर थांबली. बराच वेळ थांबली. मग दारावर टकटक झाली.

दार उघडल्याचा आवाज आला.

"बरेच दिवस घंटा नाही वाजली," मावशींचा आवाज आला.

"आता नाही वाजणार, मावशी. त्याला लांब ठेवून आले. बरा आहे तो तिकडे."

"अगं, मग आता मला कळणार कसं, तू उतरलीस ते?"

खाली चपला काढल्याचा आवाज आला.

"घंटा झाली की मी दार लावून आतून कान देऊन उभी राहायचे," मावशी म्हणाल्या. "तुमची दोघींची पावलं मला झोपेतसुद्धा ओळखू यायची. एकीची तरी ऐकू येत होती. त्या दिवशी तुझा हात बघून मी धावतच येणार होते गं. तू मागे सरलीस. म्हटलं, माझी भीती वाटतेय पोरीला. म्हणून लावलं दार."

"मावशी," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "मी चालवत होते."

"माहीत आहे मला, बाळा. माहीत आहे."

मग दोघींचं रडणं वर येऊ लागलं. मी कठडा सोडला आणि पायरीवर बसलो. एवढे दिवस मी त्या कडीचा अर्थ काय लावून बसलो होतो!

मागे दार उघडलं. हेडमास्तर काठी घेऊन खाली जायला निघाले होते.

"जिना बंद आहे," मी म्हणालो.

"घंटा तर झाली नाही."

"नाही झाली."

त्यांनी कान दिला. खालचं त्यांना ऐकू आलं. मग काठी भिंतीला टेकवली, एका हाताने माझा खांदा धरला, आणि गुडघे वाजवत माझ्याशेजारी पायरीवर बसले.

"किती वेळ?" त्यांनी हळू विचारलं.

"माहीत नाही."

"असू दे," ते म्हणाले. "मला कुठे घाई आहे?"